मडकं फुटलं नाही

आठ फूट फक्त.
नंतर मी मोजले, दुकानदाराच्याच टेपने.
खडेबाजारात बांगड्यांच्या दुकानावर
भरमा पाटी रंगवत होता,
वर कन्नड ठळक, खाली मराठी.
शिडीचा एक पाय गटाराच्या फरशीवर.
फरशी डुगडुगते हे त्याला ठाऊक होतं.
'दोनच अक्षरं राहिलीत की,' म्हणाला असेल.

रक्त आलं नाही. एवढंच सगळे सांगत राहिले.
उठला, पँट झाडली, चहा प्याला,
राहिलेली दोन अक्षरंसुद्धा पुरी केली.
शेवटच्या बसने कडोलीला आला
आणि विचारलं, 'आज सोमवार काय?'
शनिवार होता.
पुन्हा विचारलं. मग ओकला.
पुन्हा विचारलं.

डॉक्टर हिरेमठबाईंनी काळी फिल्म उजेडाला धरली.
म्हणाल्या, आपटलंय मागे,
जास्त लागलंय पुढे, कपाळाच्या आत.
मला कळेना, पाठीवर पडलेल्याला पुढे कसं लागतं?
त्यांनी एका हाताची मूठ
दुसऱ्या हाताच्या पोकळीत धरून हलवली,
मराठी शब्द शोधला, सापडला नाही.
आणि मला एकदम दिसलं.

वीस वर्षं मी दही विकते.
गाडगं मांडीवर घेऊन बसमध्ये बसते.
ड्रायव्हरने ब्रेक दाबला की
गाडगं थांबतं, दही थांबत नाही.
पुढच्या भिंतीवर जातं, उलटून मागच्या.
बाहेरून चरा नाही, तडा नाही,
फडकं सोडून बघावं तर
आत सगळं मोडलेलं, पाणी सुटलेलं.
मी सांगितलं तशा बाई गप्प झाल्या.
'हौदु,' म्हणाल्या, 'मोसरु. अगदी मोसरु.'

हाडाला भोक पाडून साचलेलं काढलं त्यांनी.
शेजारच्या खाटेवर संकेश्वरचा पोरगा,
हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेलं सापडलं.
पलीकडे न्हाणीत घसरलेली म्हातारी.
आणि कोपऱ्यात चार महिन्यांचं बाळ,
ते कुठूनही पडलं नव्हतं.
त्याचं कसं झालं कुणी बोलत नव्हतं.
बाप सारखा आपल्या हातांकडे बघायचा.

आता भरमा घरी आहे. येणारे म्हणतात,
'चांगला दिसूलाय की!'
दिसतो. तेच तर.
कुकरची शिटी झाली की ताट भिरकावतो,
मग विचारतो, ताट कुणी फेकलं?
ट्यूबलाइट नको. टीव्ही नको.
थोरल्या पोरीचं हसणं नको, टोचतं म्हणतो.
पाणी हवं तर 'नीरु' म्हणतो.
माझं नाव आठवत नाही, 'अगं ए' म्हणतो,
ते तर लग्नाच्या दिवसापासून म्हणतो.

कधीतरी त्याने मला समजावलं होतं,
मराठी अक्षरांच्या डोक्यावर एकच लांब रेघ, सगळ्यांत मिळून.
कन्नडात बहुतेकांची ज्याची त्याची वेगळी,
तिला म्हणतात तलकट्टु. तले म्हणजे डोकं.
'माथा बांधल्याशिवाय अक्षर उभं राहत नाही,' म्हणायचा
आणि उघड्या डोक्याने शिडी चढायचा.

काल पोरीच्या पाटीवर त्याने रेघ ओढली.
सरळ, जराही न थरथरता.
खाली काही लिहिलं नाही.
बघत बसला. मीही बसले.
बाई म्हणतात दीड वर्ष लागेल,
कदाचित जास्त. कदाचित एवढंच.
मोडलेलं दही परत लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको,
म्हणून ते गाडगं मी दवाखान्याच्या पायरीवरच सोडून आले.
माणसाला तेवढंच लावायचं नाही.

आज सकाळी चूळ भरता भरता
त्याने विचारलं, 'आज सोमवार काय?'
सोमवारच होता.
व्हय म्हटलं मी.
दूध उतू गेलं तरी
व्हय, व्हय म्हणत उभी राहिले.